फटाक्यांच्या शेजारचा नाटकवाला

तेरखेडा म्हटलं की फटाके! धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं (लोकलवाली वाशी नव्हे, आमची) हे गाव शोभेच्या दारूकामासाठी ओळखलं जातं. सुतळी बॉम्ब, भुईनळे, तोटे, सगळं इथलंच. पण इथून येरमाळ्यावरून कळंब गाठलं आणि मांजरा ओलांडली की बीडचा केज तालुका लागतो. तिथल्या दरडवाडीने जो बार उडवला, तो थेट दिल्लीत वाजला. त्याचं नाव नाट्यदिग्दर्शक वामन केंद्रे.

जन्म १९५७चा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, म्हणजे टीव्ही मुंबईत पोचला तेव्हा केंद्रे पंधरा वर्षांचे होते. दरडवाडीत पोचायला तर अजून अवकाश होता. मग करमणूक काय? वडीलच भारूड करायचे! पडदा नाही, विंगा नाही, अंगणात उभं राहायचं आणि समोरच्याला हसवता हसवता चिमटे काढायचे. हल्लीचे विनोदी कार्यक्रम याहून फार वेगळं काय करतात म्हणा.

नाव कमावलं ते ‘झुलवा’ने

उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातार यांचं नाट्यरूपांतर आणि केंद्रे यांचं दिग्दर्शन. साल १९८७. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगतिणींचं आणि जोगत्यांचं जगणं मुंबईच्या रंगमंचावर आलं. आमच्याकडे हे काही अनोळखी नाही. तेरखेड्याच्या उशालाच येरमाळ्याची येडेश्वरी, चैत्रातल्या यात्रेत चुनखडी वेचायला लोटणारी गर्दी, पलीकडे तुळजापूर. जोगवा, आराधी, संबळ यांत वाढलेल्या माणसाला ‘लोककलेचा प्रयोग’ करावा लागत नाही, ती त्याच्या अंगातच मुरलेली असते. माझं तर म्हणणं असं की ‘झुलवा’ची खरी तालीम केजच्या अंगणातच झाली, मुंबईला फक्त प्रयोग लागला!

भीम कुठल्या भाषेत बोलतो?

तिन्ही! भासाचं ‘मध्यमव्यायोग’ हे संस्कृत नाटक केंद्रे यांनी मराठीत ‘प्रिया बावरी’, हिंदीत ‘मोहे पिया’ आणि इंग्रजीत ‘ओ माय लव्ह’ म्हणून उभं केलं. मूळ गंमत अशी : हिडिंबेच्या जेवणासाठी घटोत्कचाला माणूस हवा असतो. एका ब्राह्मणाचा मधला मुलगा जायला तयार होतो, पण पाणी प्यायला म्हणून जातो आणि येईना. घटोत्कच ‘मध्यमा’ अशी हाक मारतो आणि हजर होतो कोण, तर कुंतीच्या तीन मुलांतला मधला भीम, म्हणजे खुद्द बाप! जेवण राहिलं बाजूला, कुटुंबाचं संमेलन झालं. मालिकावाल्यांनी हा प्रसंग तीनशे भागांत पुरवला असता.

‘रणांगण’मध्ये तर विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ अख्खं मंचावर आणलं. रंगभूमीच्या चौकटीत १७६१चं युद्ध मावतं का, असं विचारणाऱ्यांना मावलेलं दिसलं.

दिल्ली, पाच वर्षं

ज्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, तिथलेच केंद्रे २०१३ ते २०१८ संचालक. (त्या खुर्चीवरचे गाजलेले इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे, ही जाता जाता कॉलर ताठ करायची माहिती.) २०१८मध्ये आठवं थिएटर ऑलिम्पिक्स, म्हणजे जगभरच्या नाटकांचा महोत्सव, भारतात आलं ते त्यांच्याच काळात : १७ फेब्रुवारी ते ८ एप्रिल, एकूण ५१ दिवस, १७ शहरं. सुरुवात दिल्लीत, सांगता मुंबईत. नावात ऑलिम्पिक असलं तरी पदकं नसतात, त्यामुळे कुणी हरत नाही. २०१९मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि शिवकाशी?

‘झुलवा’त सुकन्या कुलकर्णी होत्या आणि सयाजी शिंदेही. हे सातारकडचे सयाजी एकेकाळी पाटबंधारे खात्यात रखवालदार होते. पुढे २०००मध्ये ‘भारती’ या तमिळ चित्रपटात त्यांनी महाकवी सुब्रह्मण्यम भारती साकारले. मराठी माणूस तमिळांचा लाडका कवी झाला! त्या भारतींचं जन्मगाव एट्टयपुरम. आणि तिथून जवळच कोणतं गाव असावं? शिवकाशी. फटाक्यांच्या धंद्यात तेरखेड्याची सगळ्यात मोठी प्रतिस्पर्धी.