यष्टीच्या आधी 'ए' की 'ॲन'?

लेखांक ७

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. आता 'एक एसटी बस' इंग्रजीत लिहायची, तर आधी काय येणार? पाठांतर सांगतं: ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी 'ॲन', बाकी सगळीकडे 'ए'. एस काही त्या पाचांत नाही, म्हणून मुलं बेधडक 'ए' लिहितात. बरोबर उत्तर मात्र 'ॲन एसटी बस'. आणि हेच नाव पूर्ण लिहिलं, की 'ए स्टेट ट्रान्सपोर्ट बस'.

हे उपपद पुढच्या शब्दाचं स्पेलिंग बघत नाही, उच्चार ऐकतं. मूळ रूप 'ॲन'सारखंच होतं. 'वन' हा आकडाही त्याच जुन्या शब्दातून आला. पुढे व्यंजन आलं की त्यातला 'न' गळाला, स्वराआधी तो टिकला.

मराठी मुलांना हे इंग्रज मुलांपेक्षा सोपं जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आपली लिपी उच्चाराबरहुकूम चालते. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'. अवर म्हणजे तास: अ, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी: य, म्हणून 'ए'. एफआयआर: ए, म्हणून 'ॲन'. पाच अक्षरं घोकायची गरजच उरत नाही.

अडचण येते ती आपल्या बोलण्यातल्या वळणांमुळे. आपल्याकडे फाट्यावर माणसं 'यष्टी'ची वाट बघतात. 'यम्ये' झालेले गुरुजी असतात, पोरं 'इस्कूल'ला जातात. ही आपली बोली आहे, ती चुकीची मुळीच नाही. पण तिच्यावरून उपपद लावलं की 'ए यष्टी' आणि 'ॲन इस्कूल' होतं. म्हणून आधी एस, एम हे उच्चार नीट कानावर घ्यावेत. वर्षाला आपण 'इयर' लिहितो, तिथेही इंग्रजी उच्चार 'य'नेच सुरू होतो. म्हणून 'ए इयर'. कान मात्र 'ॲन इअर'.

आणखी एक. उपपद नामाकडे नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाकडे बघतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ नुसतं विद्यापीठ म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. कृषी विद्यापीठ म्हटलं, की 'ॲन ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी'. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेतकरी 'ॲन अहमदनगर फार्मर'चा 'ॲन अहिल्यानगर फार्मर' झाला, उपपद तेच राहिलं. नुसतं नगर म्हणालात, तर 'ए नगर फार्मर'.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढी वहीत लावून ठेवा: आमदार या अर्थी एमएलए, यूपीएससीचा उमेदवार, एमपीएससीचा उमेदवार, एक्स-रे, 'वन' एकराचं रान, 'इलेव्हन' महिन्यांचा भाडेकरार.