हजेरीपटावर न दिसणारे संगणक

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या एका घातक संगणक-प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही तिच्यामुळे विस्कळीत झाले. पसरण्यासाठी ती इतर युक्त्यांबरोबर विंडोजमधील एका उणिवेचाही फायदा घेई. वास्तविक ही उणीव बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजीच उपलब्ध करून दिली होती. परंतु दुरुस्ती निघणे आणि ती प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

समजा, वसईतील एका शाळेत 30 संगणक आहेत. प्रत्येकाने इंटरनेटवरून तीच दुरुस्ती निरनिराळी उतरवून घेण्याऐवजी एका मध्यवर्ती संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, ती एकदाच आणावी व सर्वांना वाटावी, हे सोयीचे. विंडोजमध्ये या व्यवस्थेला ‘डब्ल्यूएसयूएस’ म्हणतात. सर्व्हरच्या पडद्यावर संगणकांची यादी दिसते. पण कधी कधी यादीत काही संगणक दिसतच नाहीत. असे का व्हावे?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वर्गात गुरुजी नाव पुकारतात आणि मुले ‘हजर’ म्हणतात. येथे प्रकार उलटा आहे. सर्व्हर कोणालाही हाक मारीत नाही; प्रत्येक संगणकानेच त्याच्याकडे जाऊन आपली हजेरी लावायची असते. म्हणून दोष शोधताना संगणकाच्या वाटेनेच जावे.

पण त्याआधी यादीची चाळणी तपासावी. फक्त दुरुस्तीची गरज असलेले किंवा दुरुस्ती फसलेले संगणक दाखवा, असे तेथे निवडलेले असेल, तर बाकीचे हजर असूनही दिसणार नाहीत.

आता किती संगणक गैरहजर आहेत ते मोजा. एकही दिसत नसेल तर कारण सर्वांना समान असणार : सर्व्हरची सेवा बंद असेल किंवा सर्वांना दिलेला पत्ता चुकीचा असेल. पत्त्याबरोबर पोर्टचा, म्हणजे दाराचा, क्रमांकही लागतो; तो बहुधा 8530 असतो. तो लिहायचा राहिला की संगणक इमारतीपाशी पोहोचतो, पण भलतेच दार ठोठावतो. पिंग केल्यावर उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे एवढेच कळते. दार उघडे आहे की नाही ते वेगळे पाहावे लागते.

एखादाच संगणक गैरहजर असेल तर त्याची तार, त्याला दिलेला पत्ता आणि त्याचे घड्याळ तपासावे.

तिसरा प्रकार मोठा मौजेचा आहे. यादीत एकच संगणक दिसतो, पण त्याचे नाव सारखे बदलते! पुष्कळदा एक संगणक सिद्ध करून त्याच्या डिस्कच्या नकला इतरांत घालतात. त्याबरोबर त्याचा ओळख-क्रमांकही नकलला जातो. एकाच हजेरी-क्रमांकावर तीस मुले ‘हजर’ म्हणू लागली, तर गुरुजींच्या पटावर एकच मूल दिसेल! नकललेला क्रमांक पुसून सेवा पुन्हा सुरू केली, की प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

मात्र दुरुस्तीनंतर लगेच यादी पाहून निराश होऊ नये. वेगळी सूचना नसेल तर संगणक साधारणतः 22 तासांतून एकदा सर्व्हरकडे जातो; तेव्हा एक दिवस वाट पाहावी.

तुमच्या शाळेत अशी व्यवस्था असेल तर शिक्षकांच्या परवानगीने प्रयोगशाळेतील संगणक मोजा आणि तो आकडा यादीशी ताडून पाहा. यादीत सर्वांपुढे ‘ठीक’ अशी खूण असली तरी फसू नका. जो यादीतच नाही, त्याच्यापुढे धोक्याची खूण कशी उमटणार?