कुष्ठरोग विरळ होतो तेव्हा

दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी भारताने देश म्हणून २००५ च्या अखेरीस गाठली. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण मात्र आजही भारतातच नोंदले जातात.

प्रादुर्भाव ओसरलेल्या भागात रुग्णांचे चित्र पालटते. मुलांचे प्रमाण घटते, प्रौढ आणि वयस्करांचे वाढते. पाचपेक्षा जास्त चट्ट्यांचा ‘मल्टिबॅसिलरी’ प्रकार तुलनेने अधिक दिसतो. हा रोग फार संथ आहे. संसर्गानंतर लक्षणे उमटायला सरासरी ५ वर्षे लागतात, कधी २० वर्षेही. त्यामुळे आजचा साठीतला रुग्ण हा बहुधा जुन्या संसर्गाचा वारसा असतो.

चित्र पालटण्याचे दुसरे कारण अधिक बोचणारे आहे, ते म्हणजे उशिरा होणारे निदान. रोग दुर्मीळ झाला की तो डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही. न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा नायटा समजला जातो, मलमावर महिने जातात आणि तोवर कोपराजवळची नस जाड होऊन बोटे वाकू लागतात. निदानाच्या वेळीच दिसणारी विकृती म्हणजे उशिराचा थेट पुरावा. ती टाळता आली असती, हेच मनाला लागते.

अशा भागात लहान मुलाला कुष्ठरोग निघाला, तर संसर्ग अजून चालू आहे असे समजून घरातल्या व शेजारच्या सर्वांची तपासणी करायला हवी. निकटच्या संपर्कातील निरोगी व्यक्तींना, पात्रता पाहून, रिफॅम्पिसिनचा एकच डोस प्रतिबंधासाठी दिला जातो. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो.