जेएम रोडच्या पोटात आठवं शतक!

जेएम रोडवर तुम्ही काय काय केलंय? शॉपिंग, पावभाजी, पार्किंगसाठी तीन-तीन चकरा? मग पाताळेश्वरच्या पायऱ्याही उतरून बघा. वर हॉर्नचा कल्ला आणि खाली आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं शिवाचं लेणं. एकाच अखंड बेसाल्टमध्ये कोरलेलं! वेरूळचं कैलास लेणंही त्याच राजवटीतलं. इथलं काम मात्र अर्धवटच राहिलं. पण अंगणातला गोल नंदीमंडप बघाच. दगडी छत्रीच जणू! टेक्नॉलॉजी म्हणाल तर छिन्नी आणि हातोडी, बस्स.

मी मूळची पाटसची. आमच्या त्या शिरूर-दौंड पट्ट्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी तब्बल पंधरा वर्षं तिथे खोदकाम केलं. पण ते पडलं शेतशिवारात. शहराच्या मधोमध असलेल्या जागेचं दुखणं वेगळंच असतं. ग्वाटेमाला सिटीतलं कामिनालहुयू घ्या. माया लोकांचं हे प्राचीन नगर, पण त्याचे बहुतेक उंचवटे शहर वाढता वाढता घरांखाली, रस्त्यांखाली गेले. काही अवशेष तर मॉलच्या शेजारी उभे आहेत, बोला!

आपल्याकडे कायदा आडवा आला. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. वनाझ-रामवाडी मेट्रो आधी जेएम रोडवरून जाणार होती. पाताळेश्वरच्या या नियमामुळे ती सरकली मुठेच्या पात्रात. पर्यावरणवाले हरित लवादात गेले, २०१७ मध्ये पात्रातल्या कामाला काही काळ स्थगितीही मिळाली. शेवटी खांब उभे राहिलेच आणि १ ऑगस्ट २०२३ पासून गाडी तिथून धावायलाही लागली.

म्हणजे लेणं वाचलं, बिल नदीच्या नावावर फाटलं. मला विचाराल तर हा सौदा काही पटत नाही. दोन्ही वाचवणारा तिसरा रस्ता शोधायला हवा होता. मेट्रोत खिडकीपाशी उभं राहून पात्रातले ते खांब मोजत सगळेच सेल्फी काढतात (मीही काढलाय). तर पुढच्या वेळी छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरा आणि पाताळेश्वरपर्यंत चालत जा. दुपारी गेलात तर उत्तम, आत मस्त गारवा असतो.