अडीच खर्व दिवसांची भिंत

साक्री, धुळे, पारोळा या पट्ट्यात फिरताना शेतांच्या कडेनं काळ्या दगडाच्या सरळसोट रांगा दिसतात. कुणी राजानं बांधून अर्धवट सोडलेला तट वाटावा, अशा. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात त्यांनी अशा 210 रांगा नकाशावर मांडल्या आहेत. साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी एक रांग 79 किलोमीटर लांब आहे. दोन जिल्ह्यांना शिवणारा दगडाचा एकच टाका!

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमीन फाटली. भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज उरलेला त्याचा पसाराच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. भेगांत अडकलेला रस मात्र जमिनीखालीच थिजला. म्हणजे ही भिंत कधी उंच झालीच नाही. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला, मुलूख खाली बसला आणि ती उघडी पडली. भिंतीची उंची हे खरं तर हरवलेल्या जमिनीचं माप आहे.

ही झीज किती सावकाश असावी? समजा, दरवर्षी केसाच्या जाडीएवढा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग खडक गेला. तर आजवर 6,600 मीटर जमीन गेली असती. एकावर एक चार कळसूबाई! डोंगर अजून उभे आहेत, म्हणजे सरासरी झीज केसाहूनही बारीक असणार.

काम चालतं ते ऊन-पाण्याच्या जोरावर. खानदेशचं ऊन मे महिन्यात 45 अंशांना टेकतं, रात्री दगड निवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतो. पाणी भेगांत शिरून त्याला आतून कुजवतं. मग कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे थर सुटतात. 6 कोटी 60 लाख वर्षांचे दिवस होतात 2,400 कोटींवर. याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या मोजणीत हे जवळपास अडीच खर्व होतात.

जिवंत हातही कमी नाहीत. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाची भावंडं खडकावर चिकटून बसतात, आम्ल सोडून त्याला पोखरतात आणि त्यांतली काही वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. अंजनाचं मूळ भेग शोधत आत शिरतं. माती नसलेल्या कातळावर उभं राहणारं हे झाड मला खानदेशातलं सर्वात जिद्दीचं वाटतं. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं.

झिजलेलं सगळं कुठं गेलं? काही समुद्रात, काही आपल्या पायाखाली. तापीकाठी गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरच्या वर भरते. चार कुतुबमिनार गाडले जातील एवढी. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दगडाच्याच पिठावर पोसली आहेत.

या हिशेबात माणसाची शंभर वर्षं पापणी लवण्याएवढीही नाहीत. तरी तेवढ्यात काय हरवू शकतं, ते रानपिंगळ्यानं दाखवलं. 1884 नंतर हे छोटं घुबड कुणा अभ्यासकाला दिसलं नाही. नामशेष झालं असंच धरलं गेलं. 113 वर्षांनी, नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या सातपुड्यात ते पुन्हा सापडलं.

पक्षी सापडला, कारण तो कुठंतरी उरला होता. खडीसाठी फोडलेली डाइक मात्र पुन्हा सापडत नाही. अडीच खर्व दिवसांनी उघडी केलेली रांग सुरुंगानं काही महिन्यांत संपते. तुमच्या शिवारात अशी भिंत असेल, तर ग्रामसभेत तिचा विषय काढा आणि गावाच्या जैवविविधता नोंदवहीत तिची, तिच्यावरच्या अंजनाची नोंद करून घ्या.