पाटीवरची बटणं

मित्रांनो, तुमच्या घरात विजेची बटणं किती आहेत, मोजलीत कधी? दिव्यांची, पंख्यांची, गीझरचं, पाण्याच्या पंपाचं, बाल्कनीतल्या दिव्याचं... दोन खोल्यांच्या घरातसुद्धा सहज पंधरा-वीस भरतील. आता दुसरा प्रश्न. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या, तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी अनेक घरांत टॅब्लेट आले. ताईचा किंवा दादाचा तसा एखादा टॅब्लेट तुमच्या कपाटात धूळ खात पडला असेल, तर तो या सगळ्या बटणांचा मिळून एकच रिमोट होऊ शकतो. अंथरुणात पडल्या पडल्या हॉलचा दिवा बंद, बाल्कनीतला चालू, पंप बंद!

"झालं! आधीच आळशी, त्यात हे!" असं आई म्हणालीच असेल. तिचं अगदीच चुकतंय असं नाही हं. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीचा रिमोट बाजारात आणला, त्याचं नावच मुळी 'लेझी बोन्स', म्हणजे आळशीराम! तो एका लांब वायरने टीव्हीला जोडलेला असे आणि माणसं त्या वायरीत पाय अडकून पडत. मग १९५५ साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बिनवायरचा रिमोट केला. तो टॉर्चसारखा होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले, ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होणार. पंचाईत एवढीच, की खिडकीतून ऊन पडलं तरी टीव्ही आपणहून चॅनेल बदलायचा! पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी त्यावर तोड काढली. त्यांच्या रिमोटला बॅटरीसुद्धा लागत नव्हती. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आणि आपल्या कानांना ऐकू न येणारा अतिशय उंच सूर निघायचा. तो सूर टीव्ही ऐकायचा.

आजचा साधा रिमोट बोलतो तो प्रकाशाच्या भाषेत, पण आपल्याला न दिसणाऱ्या. त्याला अवरक्त किरण म्हणतात. पटत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. हे किरण भिंतीतून जात नाहीत, म्हणून तर तुमच्या रिमोटने शेजाऱ्यांचा टीव्ही बंद होत नाही. (किती वेळा वाटलं असेल व्हावा म्हणून!)

फुंकर मारली, दिवा लागला

पण रिमोट म्हणजे आळशांचं खेळणं, एवढंच म्हणून थांबता येत नाही. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल नावाचं रुग्णालय आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन हातपाय हलेनासे झालेल्या रुग्णांवर तिथे उपचार होत. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचं मूळही तिथलंच. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंच्या स्पर्धा भरवल्या होत्या.

या रुग्णालयात रेग मेलिंग नावाचे एक गृहस्थ रुग्णांची विचारपूस करायला स्वयंसेवक म्हणून जात असत. त्यांच्या लक्षात आलं, की मानेखाली काहीच हलत नाही अशा माणसाला साधा दिवा लावायचा तरी कुणाला तरी हाक मारावी लागते. रेडिओ लावायला हाक. तो बंद करायला पुन्हा हाक. दिवसभर दुसऱ्याची वाट बघायची! तुम्ही एक तास हात न हलवता बसून बघा, म्हणजे कळेल. १९६० च्या सुमारास मेलिंग यांनी एक यंत्र बनवलं. रुग्णाच्या तोंडाजवळ एक नळी. तिच्यात फुंकलं किंवा तिच्यातून हवा ओढली, की आत बटणांची निवड होत जायची. दिवा, हीटर, रेडिओ, टेलिफोन, सगळं श्वासावर! पुढे त्याला टंकलेखन यंत्रही जोडलं आणि माणसं नुसत्या श्वासाने पत्रं लिहू लागली.

या यंत्राच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून लोक त्याला 'पोसम' म्हणू लागले. लॅटिन भाषेत पोसम म्हणजे 'मी करू शकतो'.

म्हणून, मित्रांनो, घर हाताळणारी पाटी आळशीपणाची की कामाची, हे ती कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. तुम्ही-आम्ही उठून चार पावलं चाललो तर काही बिघडत नाही. पण गुडघे दुखणारी आजी रात्री अंधारात चाचपडत बटणापर्यंत जाते, तेव्हा ती चार पावलंच धोक्याची असतात. आजच्या टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा एक भाग असतो. तिथे पोसमचीच युक्ती लपलेली आहे. पडद्यावर एक चौकट या बटणावरून त्या बटणावर आपोआप सरकत राहते, हव्या त्या बटणावर आली की बाहेर जोडलेला एकच मोठा खटका दाबायचा. हात हलत नसेल तर कोपराने, नाहीतर हनुवटीने.

पाटीपासून पंख्यापर्यंत

आता हे चालतं कसं ते पाहू. टॅब्लेटवर पंख्याचं चित्र आहे, तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. टॅब्लेट आपल्या वाय-फायच्या राउटरला रेडिओलहरींतून निरोप धाडतो. या लहरी सेकंदाला साधारण २४० कोटी वेळा कंप पावतात. अवरक्त किरणांसारख्या त्या भिंतीशी अडत नाहीत. मात्र जाड काँक्रीट आणि लोखंडी कपाट आड आलं की दमतात. राउटर तो निरोप स्विचबोर्डाच्या मागे बसवलेल्या, काडेपेटीएवढ्या एका डबीला देतो. डबीत एक चिमुकला संगणक असतो आणि एक रिले. रिले म्हणजे तारेचं वेटोळं आणि लोखंडाची पट्टी. वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होतं, पट्टीला ओढून घेतं, पट्टी दुसऱ्या टोकाला टेकते, आणि २३० व्होल्टचा प्रवाह पंख्याकडे धावतो. 'टक्' असा बारीक आवाज येतो ना, तो त्या पट्टीचा. विज्ञानाच्या पुस्तकातल्या खिळ्याभोवती तार गुंडाळायच्या प्रयोगाचाच हा प्रकार!

घरातल्या वस्तू दुरून चालवायची कल्पना वाय-फायच्या खूप आधीची आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७५ साली 'एक्स-१०' नावाची पद्धत काढली. तिच्यात निरोप जायचा तो घराच्या विजेच्या तारांमधूनच. पण तारा काय, शेजाऱ्यांकडेही जातात! मग इकडे बटण दाबलं, की तिकडे पलीकडच्या घरातला दिवा लागायचा, असे प्रकार होत. त्यासाठी प्रत्येक घराला ए ते पी पर्यंतचं एक अक्षर निवडून घ्यावं लागे.

एसी आणि रिमोटवाले पंखे यांची गोष्ट वेगळी. त्यांना कळते अवरक्त किरणांचीच भाषा. त्यांच्यासाठी खोलीत एक छोटा दुभाष्या ठेवतात. तो वाय-फायवरचा निरोप ऐकतो आणि अवरक्त किरणांत बोलून दाखवतो.

हुकूम कुठे कुठे फिरून येतो?

पालकांनी हा भाग जरा नीट वाचावा. तुम्ही हॉलमध्ये बसून हॉलचाच पंखा लावता, तेव्हा निरोप हॉलमधल्या हॉलमध्येच फिरला असं वाटतं. पण बाजारातल्या अनेक डब्यांचा निरोप राउटरमधून बाहेर पडतो, दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या, कधी परदेशातल्या, कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि तिथून परत येतो. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! इंटरनेट बंद पडलं की ही पाटी मुकी होते. आणि ती कंपनीच बंद पडली तर?

तसं घडलेलं आहे. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचं घर हाताळायचं एक यंत्र होतं, किंमत सुमारे ३०० डॉलर. २०१४ साली नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा मुख्य संगणक बंद करून टाकला. लोकांच्या घरातली यंत्रं धडधाकट होती, पण हुकूम घ्यायला वरती कोणी उरलं नव्हतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू एका दिवसात निव्वळ पेपरवेट झाली! माझ्या मते डबी घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, "इंटरनेट नसताना घरातल्या घरात चालेल का?" रंग, आकार, गोडगोड आवाजात बोलणं, ते सगळं नंतर.

घरातल्या घरात चालणाऱ्या पद्धती आहेत, बरं का. पाउलस शाउटसेन या तरुणाला सूर्यास्त झाला की घरातले दिवे आपोआप लागायला हवे होते. त्यासाठी त्याने २०१३ साली पायथन भाषेत एक प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांना फुकट दिला. त्याचं नाव 'होम असिस्टंट'. जगभरच्या हजारो हौशी मंडळींनी त्यात भर घातली. तो पत्त्यांच्या जोडाएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकावरही चालतो, आणि हा संगणक २०१२ साली निघाला तोच मुळी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून. पायथन शिकत असलेल्या तुमच्यापैकी कोणी त्यात डोकं घालायला हरकत नाही.

आणि पासवर्ड! डबीबरोबर आलेला 'ॲडमिन' किंवा '१२३४' तसाच ठेवू नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरून लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या फौजेने २१ ऑक्टोबरला असा हल्ला केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

आजीची परीक्षा

१९९१ साली मार्क वाइझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत तो काम करत असे. पुढचे संगणक चिठ्ठीएवढे, वहीएवढे आणि फळ्याएवढे असतील, असं त्याने लिहिलं होतं. त्यातले वहीएवढे संगणक कुणा एकाच्या मालकीचे नसावेत, असं त्याचं म्हणणं. टेबलावर पडलेला कोरा कागद कसा कोणीही उचलतो आणि वापरतो, तसे ते असावेत.

घराच्या पाटीला हे अगदी लागू पडतं. ती दादाच्या पासवर्डामागे कुलूपबंद असेल, तर अख्खं घर दादाच्या मर्जीवर! ताई अभ्यास करतेय आणि खालून कोणीतरी खिदळत तिचा दिवा घालवतोय, ही खोडी एकदा गमतीची, दुसऱ्यांदा भांडणाची. म्हणून पाटी हॉलमध्ये, सगळ्यांचा हात पोहोचेल अशा जागी हवी. बटणं मोठी हवीत, त्यांवर मराठीत लिहिलेलं हवं: 'देवघराचा दिवा', 'माजघराचा पंखा'. आणि त्या टॅब्लेटवर बँकेचं, मेलचं काहीही ठेवू नये. जुन्या टॅब्लेटला कंपनीकडून सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळेनाशी झालेली असते.

सगळं झालं की आजीला सांगा, "आजी, पंखा लाव." तुम्ही काही शिकवायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. तिला जमलं तर पाटी पास. आणि पाटी बाजूला सारून तिने भिंतीवरचं बटण दाबलं, तरीही पंखा लागलाच पाहिजे! हे करता येतं. जिन्यातला दिवा वरच्या बटणानेही लागतो आणि खालच्याही, तशीच ही जोडणी असते. भिंतीवरचं बटण निकामी करणारी जोडणी कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. वीज गेली की टॅब्लेट बॅटरीवर जिवंत राहतो, पण राउटर झोपतो. वीज परत आली आणि राउटर जागा व्हायला दोन मिनिटं घेत असला, तेव्हा ते जुनं बटणच कामाला येतं.

विजेची बचत होते म्हणतात, तिचंही गणित करून बघा. डबीतला संगणक चोवीस तास जागा असतो. एका डबीला एक वॅट धरला, तर दहा डब्यांना वर्षाला सुमारे ८८ युनिट. आणि ७५ वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत रोज चार तास फिरत राहिला, तर वर्षाला जवळजवळ ११० युनिट. म्हणजे उठताना पंखा बंद करायची सवय असलेल्या घराला डब्यांमुळे बिल थोडं जास्तच येईल!

जोडणी तुम्ही स्वतः करायची नाही. स्विचबोर्ड उघडायचा तो वायरमनकाकांनी, मेन स्विच बंद करून. गीझर दोन हजार वॅटचा असेल तर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्याला दिव्याची डबी लावली तर ती तापून जळू शकते, त्यासाठी १६ अँपिअरची वेगळी मिळते. टॅब्लेटही भिंतीला टांगून रात्रंदिवस चार्जिंगला ठेवू नका. आतली बॅटरी फुगते. रोज थोडा वेळ चार्ज करा, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा.

येत्या रविवारी एवढं करा. वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक बटणापाशी एक टिंब द्या. मग दिवसभर लक्ष ठेवा, आजी-आजोबांना कुठल्या बटणासाठी सगळ्यात जास्त वेळा उठावं लागतं. त्या टिंबाभोवती गोल करा. पहिली डबी त्याच बोर्डात. या डब्यांना बहुतेक वेळा न्यूट्रलची तार लागते, आणि दिव्याच्या जुन्या बोर्डात ती नसतेच कधी कधी. वायरमनकाका कुठल्याही कामाला आले, की ती तुमच्या बोर्डात आहे का, तेवढं विचारून ठेवा.