दंतरक्षणाची लोकभाषा

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडेगाव हे मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे महाराष्ट्रात सुपरिचित आहे. हा प्रदेश पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. या परिसराच्या, किंबहुना एकंदर पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत दातांविषयीचा शब्दसंग्रह विपुल आहे. दातण, राखुंडी, मंजन, मिश्री, चूळ, किटण, कीड, कवळी हे शब्द घरोघरी ऐकू येतात. या शब्दांचा अभ्यास केवळ व्युत्पत्तीच्या दृष्टीने उद्बोधक आहे असे नव्हे. माणूस ज्या नावाने एखादी गोष्ट ओळखतो त्या नावाप्रमाणे तिच्याशी वागतो; त्यामुळे दातांची निगा राखण्यात या शब्दांचा वाटा मोठा आहे. काही शब्द योग्य वाट दाखवितात, तर काही नकळत चकवितात.

प्रथम दातण हा शब्द घेऊ. त्याचे नाते संस्कृतातील दंतधावन व दंतपवन या शब्दांशी पोहोचते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतपवनाचा विधी आला आहे. तुरट, तिखट वा कडू रसाच्या काडीचे टोक ठेचून मऊ करावे, ती दिवसातून दोन वेळा वापरावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. आजचा दंतवैद्यही मऊ केसांचा ब्रश, दोन वेळा व हलक्या हाताने वापरण्यासच सांगतो. मधल्या काळात बोलीने मात्र या विधीतील दोन गोष्टी गमावल्या. ‘तोंड धुणे’ या प्रयोगात दात स्वच्छ करणे अंतर्भूत झाले. पण तो प्रयोग सकाळशी इतका निगडित आहे की रात्रीच्या दंतधावनाला बोलीत स्वतंत्र नाव उरले नाही. दुसरे असे की, ‘घासणे’ हे क्रियापद दात व भांडी या दोहोंस सारखेच लागू झाले. राखुंडी, विटेची वा कोळशाची पूड बोटाने जोराने घासली की दात उजळल्यासारखे दिसतात. वस्तुतः त्यावरील कठीण कवच झिजते, हिरडी मागे सरते आणि गार पाण्याने दात शिवशिवू लागतात.

‘कीड’ हा शब्द याहून अधिक चकविणारा आहे. दातात कृमी असतो ही कल्पना प्राचीन असून सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ या रोगनामात ती दिसते. बाबिलोनियातही ती होती. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने 1728 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती नाकारली, आणि डब्ल्यू. डी. मिलर याने 1890 मध्ये खरी प्रक्रिया विशद केली. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. परंतु गोड चहा, बिस्कीट, गूळ किंवा गोळी वारंवार तोंडात गेल्यास लाळेला तेवढा अवसरच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षाही ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. टेंभू योजनेच्या पाण्याने या दुष्काळी मुलखात ऊस वाढला, तेव्हा हे ध्यानी घेणे येथे विशेष अगत्याचे आहे. ‘कीड’ म्हटले की ती बाहेरून आली व कोणीतरी काढून टाकावी, असे वाटते. चिंच खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. दात रोज थोडाथोडा आंबत जाऊन पोखरतो, असे सांगितले तर खरी प्रक्रिया श्रोत्याला अधिक लवकर उमजेल. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने हे कवच आम्लाला अधिक दाद देईनासे होते. मात्र तीन वर्षांखालील मुलास ती तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढीच द्यावी.

मिश्रीच्या बाबतीत शब्दाचा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून तिची केलेली पूड म्हणजे मिश्री. काही ठिकाणी तिला मशेरी म्हणतात. उत्तरेकडील स्त्रिया दात काळे करण्यासाठी जी मिस्सी वापरीत, तिच्या नावाशी या नावाचे साम्य लक्षणीय आहे. पण मिस्सी तंबाखूची नव्हे. मराठीत तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, तपकीर ‘ओढतात’. मिश्री मात्र ‘लावतात’. ज्या क्रियापदाने कुंकू आणि तेल, त्याच क्रियापदाने मिश्री. परिणामी ‘तंबाखू खाता काय?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देण्याचा संभव असतो, कारण तिच्या भाषेत ती दात स्वच्छ करीत असते. महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखकर्करोगावरील आपला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध केला. धूररहित तंबाखू माणसात कर्करोग उत्पन्न करते, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष 2007 मध्ये ग्रंथरूपाने आला. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास 1992 मध्ये केंद्र शासनाने बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून तपासणाऱ्याने ‘मिश्री लावता का, आणि दिवसातून किती वेळा?’ असेच विचारले पाहिजे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम त्वरित दाखविणे आवश्यक आहे.

उपचारांविषयीही गैरसमज आहेत. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, ही समजूत निराधार आहे. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळ्या आहेत. किटण काढल्याने दात हलू लागतात, हाही भ्रम होय. किटणामुळे आधीच सैल झालेला दात किटण निघाल्यावर तसा जाणवतो, इतकेच. कीड वरवर असेल तर भरणे पुरते. ती नसेपर्यंत गेली असेल तर मुळाचा उपचार करून दात राखता येतो. तो राखणे अशक्य झाले तरच काढावा आणि रिकाम्या जागी कवळी, पूल किंवा रोपित दात बसवावा. सांगली व कराड या दोन्ही ठिकाणी दंतवैद्यक महाविद्यालये असल्याने हे उपचार कडेगावकरांच्या आवाक्याबाहेर राहिलेले नाहीत.

शेवटी, जिथे शब्दच नाही अशी एक जागा उरते. ‘दुधाचे दात’ या नावात ‘पडणारच’ असा अर्थ दडला आहे. म्हणून त्यांच्या किडीकडे कोणी पाहत नाही. त्यातच सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, चार नव्या दाढा येतात. त्या कायमच्या असतात. विशीच्या सुमारास येणाऱ्या आणि फारशा उपयोगी न पडणाऱ्या दाढेला मराठीने ‘अक्कलदाढ’ असे खास नाव दिले. परंतु जन्मभर चर्वणाचा मुख्य भार वाहणाऱ्या या दाढेला बोलीत नाव नाही. नाव नसल्यामुळे ती दुधाचीच समजली जाते आणि दुर्लक्षाने अकाली गमावली जाते. तिला ‘सहावी दाढ’ म्हणावे. हे नाव वयालाही जुळते आणि जागेलाही. आईने मुलाच्या समोरच्या दोन दातांमधील फटीपासून एका बाजूस मागे मोजत जावे. पाच दात दुधाचे. सहावा लागला की तो जन्माचा सोबती.